वयात आलेल्या मुलांशी बोलायचं कसं? कोकणातल्या आईबाबांसाठी

माझा मोठा तेरा वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. आषाढातला पाऊस, चार दिवस उन्हाचा पत्ता नाही आणि हा पोरगा पहाटे साडेपाचला न्हाणीत चादर धूत बसलेला. काय रे म्हटलं तर खाली मान घालून म्हणाला पाणी सांडलं. मला कळलं होतं पण मी काही न बोलता चादर पिळून पडवीत वाळत टाकली आणि चहा ठेवला. रात्री मात्र मोठ्या जाऊबाईंना फोनवर सांगितलं, त्यांनी अजून कुणाला, आणि गणपतीत चाकरमानी आले तेव्हा एका काकाने सगळ्यांसमोर त्याची थट्टा केली. त्यानंतर जवळजवळ वर्षभर त्याने मला काहीही विचारलं नाही. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते, मुलाची गोष्ट आपल्यापाशी राहिली पाहिजे. वाडीत सगळे एकमेकांचे नातेवाईक, मेडिकलवाला पण ओळखीचा, त्यामुळे आपल्याकडे हे जास्तच सांभाळावं लागतं.

आधी आपण शिकायचं

मुलींमध्ये साधारण ८ ते १३ आणि मुलांमध्ये ९ ते १४ या वयात बदल सुरू होतात. पाळी बहुतेकींना १२-१३ ला येते, १५ पर्यंत आली नाही तर डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीची दोनेक वर्षं ती कधी २१ दिवसांनी कधी ४५ दिवसांनी येते, लगेच घाबरू नका. मुलांची छाती थोडी सुजल्यासारखी होते, पोरं लाजून शर्ट काढत नाहीत, ती बहुतेक वेळा एकदोन वर्षांत आपोआप बसते. झोपेत वीर्य बाहेर येतं त्याला स्वप्नदोष म्हणतात, पण त्यात दोष काहीच नाही, अशक्तपणा येत नाही, हस्तमैथुनानेही येत नाही. हे मुलाला तोंडाने सांगावं लागतं, नाहीतर तो मोबाईलवर सर्च करतो आणि तिथे ताकदीची पावडर विकणारे बसलेलेच असतात.

मग शब्द

लिंग, वृषण, योनी हे शब्द घरात साध्या आवाजात म्हणायची सवय करा. मला पहिल्यांदा घशात अडकले होते, खोटं कशाला बोलू. पण शब्द नसला की मूल दुखणंही सांगू शकत नाही. मुलाच्या वृषणात अचानक जोरात कळ आली, उलटी झाली, तर ते पिरगळलेलं असू शकतं आणि साधारण सहा तासांत ऑपरेशन झालं तरच वाचायची चांगली शक्यता असते, तेव्हा "पोटात दुखतंय" म्हणून ओवा खात बसलेला पोरगा ते तास घालवतो. इकडे खेड्यातून मोठ्या हॉस्पिटलला पोचायलाच दोन तास जातात. आमच्याच दापोली तालुक्यातल्या मुरुडचे र. धों. कर्वे १९२७ पासून १९५३ पर्यंत समाजस्वास्थ्य मासिकातून हे सगळं मराठीत छापत होते, त्यापायी कोर्टात खटले सोसले त्यांनी, आणि आपण अजून "ते" आणि "तिकडचं" म्हणतोय.

बोलायची वेळ

समोर बसवून "आज आपल्याला बोलायचंय" असं करू नका, मूल लगेच दगड होतं. हात कामात असू देत. माझी लेक आणि मी कोळंबी सोलताना बोलतो, दोघींचे डोळे ताटात, आणि त्या अर्ध्या तासात ती जे विचारते ते एरवी कधी विचारत नाही. मुलाशी गाडीवर मागे बसून बोला, एसटीत बोला. बाबा मुंबईला किंवा बोटीवर असतील तर फोनवर त्यांनी मार्कांशिवाय एक तरी वाक्य बोलावं, "मला पण त्या वयात असं झालेलं" एवढं पुरतं. आणि प्रश्न आला की चेहरा बदलू नका, उत्तर येत नसेल तर "बघून उद्या सांगते" म्हणा आणि दुसऱ्या दिवशी खरंच सांगा.

पावसाळा आणि गणपती

हे दोन मी मुद्दाम वेगळे लिहिते. पावसाळ्यात कपडे सुकत नाहीत आणि मुली आतले कपडे लाजेने टॉवेलखाली, खिडकीमागे टाकतात, ते ओले तसेच घालतात, मग जांघेत खाज, गजकर्ण. माझ्या लेकीने दीड महिना लपवलं आणि मैत्रिणीने दिलेली मेडिकलमधली क्रीम लावली, त्यात स्टिरॉइड होतं, आधी बरं वाटलं मग दुप्पट पसरलं. घरात सगळ्यांचे आतले कपडे उघड्या दोरीवर, हवेत, सगळ्यांसोबत वाळू देत, सुकले नाहीत तर इस्त्री फिरवा. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं. पांढरं जाणं थोडं असतंच, पण खाज, वास, दह्यासारखं आलं तर डॉक्टर.

दुसरं, गणपतीत पाळी येऊ नये म्हणून मुलींना गोळ्या देतात. मेडिकलमधून आणून, कुणाला न विचारता, तेरा-चौदा वर्षांच्या पोरींना. त्या हार्मोनच्या गोळ्या आहेत, घरात कुणाला रक्ताच्या गाठीचा त्रास असेल, मुलीला अर्धशिशी असेल तर धोका होऊ शकतो, डॉक्टरांशिवाय देऊच नका. आणि माझं स्पष्ट मत विचाराल तर पाळी आली म्हणून लेकरू देवासमोर बसू शकत नाही असं नाहीच मुळी. आम्ही गेल्या वर्षी ते पाळणं सोडलं, सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी त्यांनीच तिला मोदक वळायला बोलावलं.

मुलगा-मुलगी, आवड आणि ओळख

दशावतारात पुरुष नट लुगडं नेसून राणीचं काम करतो, रात्रभर लोक मन लावून बघतात. पण वर्गातला एखादा मुलगा नाजूक चालला की त्याला काय काय नावं ठेवतात. मुलांशी बोलायला हे उदाहरण चांगलं आहे. सोबत हेही सांगा की सोंग वेगळं आणि मनातून आपण कोण आहोत ते वेगळं. कुणाला मुलगा असून मुलगाच आवडतो, कुणाला जन्मतः दिलेली मुलगा किंवा मुलगी ही ओळख आपली वाटतच नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजार यातला एकही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता १९९० मध्येच आजारांच्या यादीतून काढली. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये तृतीयपंथी ओळख मान्य केली आणि २०१८ मध्ये सज्ञान लोकांचे संमतीने असलेले समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं ठरवलं. उपचाराने बदलून देतो म्हणणाऱ्या डॉक्टरकडे किंवा बुवाकडे नेऊ नका, डॉक्टरांच्या राष्ट्रीय आयोगाने २०२२ मध्ये ते गैरवर्तन ठरवलंय. मुलाने सांगितलं तर पहिलं वाक्य एवढंच असू दे, "सांगितलंस ते बरं केलंस, जेवलास का?" लग्न लावलं की ठीक होईल हा विचार मनात आला तरी बोलू नका, त्यात दुसऱ्या एका मुलीचंही आयुष्य जातं.

फोन आणि कायदा

पोक्सो म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा, २०१२ चा. १८ च्या आत संमती असली तरी शरीरसंबंध गुन्हा धरतात, हे मुलगा आणि मुलगी दोघांनाही सांगा. मुलीची पाळी चुकली असेल तर मारहाण, बोभाटा न करता लगेच सरकारी डॉक्टरांकडे जा, एकेक आठवडा महत्त्वाचा असतो. डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं, पण गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर तिचं नाव न देता कळवता येतं, सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये तसं सांगितलंय. फोटोवरून कुणी धमकावत असेल तर पैसे देऊ नका, चॅट डिलीट करू नका, १९३० या सायबर हेल्पलाइनला किंवा १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करा.

कुठे जायचं

१० ते १९ वयाच्या मुलांसाठी २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे, त्यातून सरकारी रुग्णालयांत मैत्री क्लिनिक असतात, समुपदेशक असतो, पैसे लागत नाहीत. वार आणि वेळ आशाताईंना विचारा, कारण सांगायची गरज नाही. ओळखीचं कुणी भेटेल वाटलं तर दुसऱ्या तालुक्याला जा. मनावर ताण असेल तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, दिवसरात्र चालू असते.

आणि तिथे पोचलात की मुलाला एकट्याला आत जाऊ दे, तुम्ही बाहेर बाकावर बसा. आत काय बोललास विचारू नका. परत येताना स्टँडवर वडापाव घ्या, सांगायचं असेल तर तो खाता खाता सांगेल, नाहीतर नाही.