अमेरिकेत नोटरी घरी बोलावताना : कुलमुखत्यारपत्रापासून रिफायनान्सपर्यंत

पुण्यातला फ्लॅट विकायला काढलाय आणि भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र पाठवायचंय. किंवा घराचं कर्ज रिफायनान्स करताय, म्हणजे जुनं फेडायला नवं घेताय, आणि टायटल कंपनीचा (घराची मालकी तपासून व्यवहार उरकणारी कंपनी) निरोप आलाय, की गुरुवारी संध्याकाळी सातला एक बाई सह्या घ्यायला घरी येतील. दोन्ही कामांना लागतो तो मोबाईल नोटरी. अधिकार इतर कुठल्याही नोटरीइतकेच. फक्त तो शिक्का आणि रजिस्टर घेऊन तुमच्या घरी, ऑफिसात किंवा इस्पितळात येतो.

भारतात नोटरी म्हणजे वकील. १९५२ च्या नोटरी कायद्याखाली नेमणुकीसाठी साधारणपणे किमान दहा वर्षांची वकिली लागते. कोर्टाबाहेरच्या टेबलावर मसुदा, टायपिंग, तिकीट, शिक्का सगळं एका बैठकीत उरकतं. ही सवय घेऊन अमेरिकन नोटरीसमोर बसलात तर पंचाईत होते. इथे नोटरीला राज्य सरकार नेमतं आणि बहुतेक राज्यांत त्याला कायद्याची पदवी लागत नाही. सही करणारी व्यक्ती तीच आहे आणि ती स्वखुशीने सही करते आहे, एवढंच तो पाहतो. कॅलिफोर्नियात २०१५ पासून नोटरीच्या प्रमाणपत्रावर चौकटीत तसं छापावंच लागतं : ओळख तपासली आहे, मजकूर खरा, अचूक किंवा वैध असल्याची हमी नाही. तेव्हा कागदाची सगळी जबाबदारी तुमची, आणि ती नोटरी दारात यायच्या आधीची.

१. कागद पूर्ण करा, सही मात्र ठेवा

भारतात वापरायच्या कागदाचा मसुदा तिथल्या वकिलाकडूनच घ्या. मिळकतीचं वर्णन, सर्व्हे नंबर, सदनिकेचा क्रमांक, कोणाला नेमके कोणते अधिकार, हे सगळं भरलेलं हवं. "तारीख नंतर टाकू", "रक्कम भाऊ भरेल" असल्या मोकळ्या जागा दिसल्या तर नोटरी काम नाकारेल, आणि ते योग्यच आहे.

पुढचा प्रश्न कागद स्वीकारणाऱ्याला विचारायचा : अॅक्नॉलेजमेंट हवी की जुरॅट? अॅक्नॉलेजमेंटमध्ये "ही सही माझीच" अशी कबुली तुम्ही नोटरीसमोर देता. जुरॅटमध्ये मजकूर खरा असल्याची शपथ घेऊन त्याच्यासमोरच सही करावी लागते. प्रतिज्ञापत्राला सहसा जुरॅट लागतं, कुलमुखत्यारपत्राला अॅक्नॉलेजमेंट. यातलं काय हवं ते नोटरी तुमच्या वतीने ठरवू शकत नाही. तो कायद्याचा सल्ला होतो आणि वकील नसलेल्या नोटरीला तशी मनाई आहे. कोणतं लागेल याची खात्री होईपर्यंत कोऱ्या सहीच्या जागेला हात लावू नका.

२. नावं जुळवा

मराठी माणसांचं घोडं इथेच अडतं. पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, ड्रायव्हिंग लायसन्सवर त्याचं नुसतं आद्याक्षर, भारतातल्या खरेदीखतावर लग्नानंतरचं नाव, आणि पासपोर्ट अजून माहेरच्या नावाचा. नोटरी ओळखपत्र आणि कागद शेजारी शेजारी ठेवून पाहतो. साधारण रीत अशी, की ओळखपत्रावर कागदापेक्षा जास्त नाव असलं तर चालतं, कमी असलं तर नाही. म्हणून मसुद्यातच पासपोर्टवरचं पूर्ण नाव घाला आणि दुसरं नाव "उर्फ" किंवा "पूर्वाश्रमीच्या" म्हणून वकिलाकडून लिहून घ्या. कर्जाच्या कागदांत यासाठी नावाचं वेगळं अॅफिडेव्हिट असतं. तुमच्या नावाची जेवढी रूपं कागदोपत्री सापडली तेवढी त्यात येतात. वाचून गंमत वाटेल, पण सही करायची.

ओळखपत्राचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे. कॅलिफोर्नियात वैध भारतीय पासपोर्ट चालतो. आधार कार्ड चालत नाही. वेळ ठरवतानाच कोणतं ओळखपत्र दाखवणार ते सांगून टाका.

३. नोटरी शोधा, पैसे आधी ठरवा

नोटरीची नेमणूक चालू आहे का, हे बहुतेक राज्यांत सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या (राज्याच्या अधिकृत नोंदी सांभाळणारा अधिकारी) संकेतस्थळावर पाहता येतं. शिक्क्याचं शुल्क कायद्याने बांधलेलं आहे : कॅलिफोर्नियात दर सहीला जास्तीत जास्त १५ डॉलर, फ्लोरिडात १० डॉलर, टेक्ससमध्ये पहिल्या सहीला १० आणि त्याच कागदावरच्या पुढच्या प्रत्येक सहीला १ डॉलर, न्यूयॉर्कमध्ये जेमतेम २ डॉलर. नवरा-बायको मिळून एका कुलमुखत्यारपत्रावर सही करत असतील तर कॅलिफोर्नियात ३० डॉलर झाले. खरी घासाघीस प्रवासखर्चाची. काही राज्यं त्यावरही मर्यादा घालतात, बाकी ठिकाणी तो आपसात ठरतो. म्हणून एकूण आकडा मेसेजवर लिहून घ्या, आणि ओळखपत्र न जुळल्यामुळे काम झालं नाही तरी फेरीचे पैसे लागतील का, तेही विचारा.

साधा एकपानी कागद असेल तर घरी बोलावण्याची चैन कशाला? अनेक बँका खातेदाराचं हे काम फुकट करतात. मात्र कुलमुखत्यारपत्र किंवा कर्जाचे कागद म्हटलं की काही शाखा नाही म्हणतात, म्हणून आधी फोन करा.

४. सहीच्या वेळी

सही करणाऱ्याने समोर हजर राहिलंच पाहिजे. "ती कामावर आहे, तिची सही मी आणून देतो" हे चालत नाही. व्हिडिओ कॉलवरून करायचं ऑनलाइन नोटरायझेशन अनेक राज्यांत कायदेशीर आहे, पण ती वेगळी पद्धत आहे आणि भारतातल्या कामासाठी कागद-शाईच बरी.

रजिस्टरमध्ये तुमची नोंद होते. कॅलिफोर्नियात कुलमुखत्यारपत्र किंवा स्थावर मिळकतीचा कागद असेल तर त्यात अंगठ्याचा ठसाही द्यावा लागतो. संशय घेतला म्हणून रागावू नका. प्रमाणपत्रावर तारीख त्या दिवसाचीच पडते, मागची टाकून मिळत नाही. निघण्यापूर्वी शिक्का ठसठशीत उमटलाय का आणि काउंटीचं (जिल्ह्याचं) नाव सही झाली तिथलंच आहे का, तेवढं पाहा.

भारतातून आलेल्या आई-वडिलांच्या सह्या असतील तर भाषेचा प्रश्न येतो. कॅलिफोर्नियात नोटरी आणि सही करणारा यांचं थेट बोलणं व्हावं लागतं, मुलाने मध्ये दुभाषा होऊन चालत नाही. आईंना मराठी-हिंदीच येत असेल तर ती भाषा बोलणारा नोटरी शोधा. कागद मराठीत असला तरी हरकत नाही, प्रमाणपत्र इंग्रजीत लागतं. इस्पितळात बोलावताना रुग्ण गुंगीत नसेल अशी वेळ नर्सला विचारून ठरवा. नोटरी दोन-चार प्रश्न विचारतो, आणि उत्तरं नातेवाइकांनी देऊन भागत नाही.

कर्जाचे कागद असतील तर

इथे नोटरीला तुम्ही शोधत नाही, टायटल किंवा एस्क्रो (व्यवहाराचे पैसे मध्ये सांभाळणारी) कंपनी पाठवते. त्याचे पैसे सहसा क्लोजिंगच्या, म्हणजे शेवटच्या सह्यांच्या व्यवहाराच्या, खर्चातच धरलेले असतात, दारात रोख मागितली तर कंपनीला फोन करा. जॉर्जिया, साउथ कॅरोलायना, मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यांत क्लोजिंगला वकील लागतो.

गठ्ठा जाडजूड असतो, पण जीव तीन-चार कागदांत. क्लोजिंग डिस्क्लोजर, म्हणजे कर्जाच्या अंतिम आकड्यांचा तक्ता, तुम्हाला सहीच्या किमान तीन कामकाजी दिवस आधी मिळायला हवं. ती प्रत टेबलावर ठेवा आणि व्याजदर, मासिक हप्ता, सोबत आणायची रक्कम हे आकडे आजच्या प्रतीशी ताडून पाहा. प्रॉमिसरी नोट म्हणजे परतफेडीचं वचन. त्यावर सहसा शिक्का नसतो. डीड ऑफ ट्रस्ट किंवा मॉर्गेजने घर तारण पडतं, त्यावर शिक्का असतो. आकडा कुठे आहे ते नोटरी दाखवेल. तो बरा की वाईट हे सांगणार नाही. म्हणून लोन ऑफिसर त्या वेळी फोनवर मिळेल याची सोय आधी करा, विशेषतः संध्याकाळी सातची वेळ असेल तर.

राहत्या घराच्या बहुतेक रिफायनान्सना मोडता घालायला तीन कामकाजी दिवस मिळतात. त्यात शनिवार धरतात. रविवार आणि संघीय सुट्ट्या नाहीत. गुरुवारी सही केलीत आणि मध्ये सुट्टी नसेल तर सोमवारी मध्यरात्रीपर्यंत लेखी रद्द करता येतं. त्या हक्काच्या सूचनेच्या दोन प्रती प्रत्येक मालकाला मिळायला हव्यात, मोजून घ्या. नवीन घर घेण्याच्या कर्जाला ही सवलत नाही.

पैसे वायरने पाठवायचे असतील तर ई-मेलवर आलेल्या खाते क्रमांकावर विसंबू नका. आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर कंपनीला फोन करून पडताळा. ऐनवेळी "खातं बदललंय" असा मेल आला तर तो बहुधा चोराचाच.

भारतात पाठवायचं असेल तर

नोटरीच्या शिक्क्यानंतर अपॉस्टिल घ्या, म्हणजे कागद परदेशात मानला जावा म्हणून जोडलेलं सरकारी प्रमाणपत्र. नोटरी ज्या राज्याचा, त्याच राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून ते मिळतं; कॅलिफोर्नियात एकाला २० डॉलर. अपॉस्टिल करारात भारत २००५ पासून आहे. भारतीय वकिलातीतून साक्षांकन हा दुसरा रस्ता. दुय्यम निबंधक कोणता मान्य करतो ते वकिलाला आधीच विचारून ठेवायला लावा.

कागद महाराष्ट्रात पोचला की तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. मुदत कागद हाती पडल्यापासून मोजतात, म्हणून कुरियरचं पाकीट आणि पोचपावती भावाला जपून ठेवायला सांगा.