समुद्राजवळ घर बांधण्याआधी जागा कशी पाहावी

शाळा, दवाखाना, बाजार, कागदपत्रांची वकिलाकडून तपासणी हे सगळं कुठेही घर बांधताना करावंच लागतं, त्यात मी शिरत नाही. कामाच्या दिवशी, ऐन गर्दीत, एकदा त्या जागेपासून ऑफिसपर्यंत जाऊन-येऊन बघा. भरतीरेषेपासून किती अंतरापर्यंत बांधकामाला मनाई आहे हे स्थानिक कार्यालयातून लेखी घ्या, जागा विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. एवढं झालं की मुख्य कामाला लागा.

किनाऱ्यालगतच्या उपनगरात मुख्य काम एकच: पाणी कुठपर्यंत येतं आणि आलेलं पाणी कुठून बाहेर जातं, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघणं.

“दोन-चार वेळा जाऊन जागा नीट बघून घ्या,” असा सल्ला सगळेच देतात. या सल्ल्यापायी आमच्या आयुष्यभराच्या बचतीवर पाणी पडणार होतं. मी एक जागा चार वेळा पाहिली. दर वेळी एक आड एक रविवारी, सकाळी दहाच्या सुमारास. चारही वेळा रस्ता कोरडा, गटारं रिकामी, शेजारच्या नाल्यात जेमतेम घोटाभर पाणी. पाचव्या वेळी निघायला उशीर झाला आणि पोचेपर्यंत चार वाजले. आभाळ निरभ्र, पावसाचा थेंब नाही, आणि प्लॉटसमोरच्या गटाराच्या जाळीतून पाणी वर येत होतं. आवाज नाही, फेस नाही, नुसतं गुपचूप पसरत होतं. जाळीच्या फटीतून बोटाएवढा खेकडा बाहेर आला आणि रस्त्याच्या कडेने चालू लागला. तासाभरात पाणी प्लॉटच्या फाटकाला टेकलं. समुद्र तिथून दिसतसुद्धा नव्हता.

चार फेऱ्यांत हे का दिसलं नाही, ते समजून घ्या, कारण ही चूक भलेभले करतात. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते आणि तिची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. सरकत सरकत पंधरवड्याने ती जवळजवळ पुन्हा त्याच वेळेवर येते, फरक पडतो तो अर्ध्या-पाऊण तासाचा. म्हणजे एक आड एक रविवारी ठरावीक वेळी गेलात, तर दर वेळी पाण्याची जवळपास तीच अवस्था दिसणार. मला चारही वेळा ओहोटीच दिसली. फेऱ्या किती मारल्या याला काही अर्थ नाही, त्या कोणत्या भरतीला मारल्या हे महत्त्वाचं.

तेव्हा आधी त्या किनाऱ्याचा भरती-ओहोटीचा तक्ता मिळवा आणि जायचा दिवस त्यावरून ठरवा. अमावस्या-पौर्णिमेला उधाणाची भरती येते, अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढणारी. भांगाच्या भरतीला जागा बघण्यात हशील नाही. उधाणाचं सर्वांत मोठं पाणी बऱ्याच ठिकाणी अमावस्या-पौर्णिमेच्या दिवशी न येता एक-दोन दिवसांनी येतं, म्हणून तिथीवर विसंबू नका, तक्त्यातला महिन्यातला सर्वांत मोठा आकडा शोधा. वर्षभरातली मोठी उधाणं बऱ्याच किनाऱ्यांवर मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आगेमागे येतात, पण सगळीकडे नाही, तेव्हा तीही तक्त्यातूनच शोधा. त्यातलं एक तरी गाठाच. भरतीच्या तासभर आधी पोचा, पाणी उतरू लागेपर्यंत थांबा आणि गाडीत बसून न राहता आजूबाजूच्या चार गल्ल्या पायी फिरा. गटारांची तोंडं बघा. नाला जिथे खाडीला मिळतो तिथे उलटं पाणी अडवणारी झडप आहे का, असली तर ती पूर्ण मिटते का, तेही बघा. कचरा अडकून अर्धवट उघडी राहिलेली झडप काही कामाची नाही.

एक उधाण कोरड्या दिवसात बघितलंत, की दुसरं भर पावसात बघा. भरतीचं पाणी गटाराच्या तोंडाशी उभं असताना पावसाचं पाणी बाहेर पडूच शकत नाही. ते तुंबतं आणि मागे सरतं. सपाट किनारी वस्त्यांत बरेचदा पाणी भरतं ते असंच, लाट घरात न शिरता.

आता उंचीबद्दल. इथे मी बरेच दिवस अडखळलो आणि एका सर्वेक्षकाने समोर बसवून समजावलं तेव्हा कुठे उलगडा झाला. भरतीच्या तक्त्यातली उंची आणि जमिनीच्या नकाशातली उंची एकाच शून्यापासून मोजलेली नसते. तक्ते जहाजांसाठी बनवलेले, त्यामुळे त्यांचं शून्य सर्वांत खालच्या ओहोटीच्या आसपास धरलेलं असतं. जमिनीची उंची बहुधा सरासरी समुद्रपातळीपासून मोजतात. समजा तक्त्यात भरती ४.६ मीटर आहे आणि त्या ठिकाणी दोन शून्यांमधला फरक २.५ मीटर आहे, तर ते पाणी नकाशाच्या हिशेबात २.१ मीटरवर येतं. ही वजाबाकी न केल्याने चांगली जागा सोडून देणारे मी पाहिलेत. याहून घातक प्रकार उलटा असतो: लेआउटच्या नकाशात जागेवरच्या एखाद्या दगडाला १०० मीटर धरून बाकीच्या उंची काढलेल्या असतात आणि घेणाऱ्याला वाटतं, आपण चांगलेच उंचावर आहोत. त्या १०० चा समुद्राशी काडीचा संबंध नसतो. सर्वेक्षकाकडून प्लॉटची, रस्त्याची आणि गटाराच्या तळाची उंची घ्या आणि ती कुठल्या शून्यापासून मोजली ते कागदावर लिहून घ्या. मोबाइल दाखवतो ती उंची धरू नका, ती काही मीटरने चुकू शकते, आणि इथे तर सगळा निकाल अर्ध्या मीटरवर लागतो.

तक्त्यातला आकडा चंद्र-सूर्याच्या ओढीचा आहे, वादळाचा नाही. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र साधारण १ सेंटिमीटर चढतो. ४० हेक्टोपास्कलची घट म्हणजे ४० सेंटिमीटर, आणि किनाऱ्याकडे ढकलणाऱ्या वाऱ्याने येणारं पाणी वेगळंच. शिवाय जगभरची सरासरी समुद्रपातळी २००६ ते २०१८ या काळात वर्षाला ३.७ मिलिमीटरने वाढली आहे. घर मुलांनाही पुरावं म्हणून बांधतो आपण, तेव्हा आजच्या मोठ्यात मोठ्या भरतीच्या वर किती मोकळीक राहते, तो आकडा स्वतः काढा. तो काढल्याशिवाय व्यवहाराची बोलणी सुरू करू नका, माझं यावर ठाम मत आहे.

फिरताना खुणाही वाचा. प्लॉटच्या आसपास खारफुटी असेल तर भरतीचं पाणी तिथवर पोचतं, मग विकणारा काहीही सांगो. कुंपणाच्या भिंतीवर आडवी, सारख्या उंचीची डागाची रेघ आहे का? जुन्या घरांची जोती नव्या घरांपेक्षा उंच का आहेत? कोणी दारात नंतर उंबरा चढवलाय का? शेजाऱ्यांना “इथे पाणी भरतं का हो?” असं विचारू नका. ज्याला पुढेमागे आपलं घर विकायचंय तो नाहीच म्हणणार. “उधाण आणि पाऊस एकदम आला की गाडी कुठे लावता?” असं विचारा. एका आजींना मी हे विचारलं, तर त्यांनी काही न बोलता दाराच्या चौकटीवर, गुडघ्याच्या जरा खाली, बोट ठेवलं.

किनारा मागे सरकतोय का, हे गुगल अर्थवरच्या जुन्या उपग्रहचित्रांत दिसतं. पाण्याची कड मोजू नका, ती भरतीप्रमाणे हलते. झाडोऱ्याची कड मोजा, आणि चित्रं वर्षाच्या एकाच ऋतूतली घ्या, कारण पुळणीची वाळू ऋतूप्रमाणे येते-जाते.

खाऱ्या वाऱ्याचा अंदाज घ्यायला आठ-दहा वर्षं जुनी घरं बघा. समुद्राकडच्या बाजूचे खिडक्यांचे गज, बिजागऱ्या, एसीच्या बाहेरच्या पेट्या, गच्चीच्या कठड्याखालचा गिलावा. तिथे गिलावा फुगून तपकिरी भेगा पडल्या असतील, तर आतल्या सळीला गंज चढलाय. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो काँक्रीट फोडतो. अशा ठिकाणी सळीवर काँक्रीटचं आवरण जास्त जाड हवं, वाळू आणि पाणी दोन्ही गोडं हवं, आणि उघड्यावरचं स्टेनलेस स्टील ३०४ प्रतीचं न घेता ३१६ प्रतीचं घ्या. हा खर्च जागेच्या किमतीत आधीच धरा.

विहीर किंवा बोअरवर अवलंबून राहणार असाल, तर पाणी उन्हाळ्याच्या शेवटी तपासा, पावसानंतर लगेच नको. किनाऱ्यालगत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रपातळीच्या वर १ मीटर गोडं पाणी असेल तर खाली सुमारे ४० मीटर गोडं, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजेच उपसा करून पातळी १ मीटर खाली आणली की खारं पाणी ४० मीटर वर चढू शकतं. शेजारी नवी वसाहत होऊन सगळेच उपसू लागले, तर आज गोड असलेली विहीर उद्या मचूळ होते.

शक्य असेल तर पावसाचे महिने त्याच भागात, तळमजल्यावर भाड्याने राहा. आम्ही दुसरी जागा निवडली तेव्हा तेच केलं आणि मुलांची शाळेची वाटही त्यात पारखून झाली.

माती-परीक्षण शेवटी, पण इसार देण्याआधी. भरावाची जमीन असेल तर भराव किती जाड आहे आणि खाली चिखल आहे का, हे बोअरमधून निघालेले नमुने समोर ठेवून विचारा. आणि बोअर घेणाऱ्याला त्यातल्या पाण्याची पातळी एकदा ओहोटीला आणि एकदा भरतीला मोजायला सांगा. आमच्या आत्ताच्या प्लॉटवर ती सहा तासांत एक वीतभर हलली होती. तो आकडा आराखडा करणाऱ्याच्या हातात ठेवला, आणि त्याने पाण्याची टाकी जमिनीखालून वर आणली.