सायकलच्या फ्रेममध्ये बदल करताना: अ‍ॅल्युमिनियमचे वेल्डिंग आणि वेगळ्या धातूंचे सांधे

टॉर्च पेटवण्याआधी फ्रेमला चुंबक लावून पाहा. घट्ट चिकटले तर फ्रेम स्टीलची. चिकटले नाही आणि नळ्या जाड असतील तर ती बहुधा अ‍ॅल्युमिनियमची. टायटॅनियमलाही चुंबक चिकटत नाही, म्हणून फ्रेमवरचे स्टिकर शोधा. तिथे ६०६१ किंवा ७००५ असा आकडा, म्हणजे मिश्रधातूचा क्रमांक, असेल तर लिहून ठेवा.

हा आकडा महत्त्वाचा. ६०६१-टी६ या मिश्रधातूची ताकद उष्णतोपचारातून आलेली असते. वेल्डिंग करताना सांध्याशेजारची पट्टी मऊ पडते आणि तिची ताकद निम्म्याच्या आसपास येते. सांधा दिसायला सुबक असतो, पण फ्रेम मोडते ती त्याच्या बाजूला. गेलेली ताकद परत आणायची तर अख्खी फ्रेम सुमारे ५३० अंश सेल्सिअसला तापवून झटकन थंड करावी लागते आणि मग १७० अंशांच्या आसपास काही तास भट्टीत ठेवावी लागते. हे घरी होण्यासारखे नाही. ७००५ला एवढा खटाटोप लागत नाही. गार झाल्यावर तो हळूहळू बरीच ताकद परत मिळवतो. ७०७५चे भाग मात्र वेल्ड करूच नका, थिजताना ते तडकतात.

म्हणून माझे स्पष्ट मत: हेडट्यूब (हँडल बसते ती पुढची नळी), बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस बसतो तो भाग) आणि चाक बसते त्या टोकांजवळ अ‍ॅल्युमिनियम फ्रेमला हौशी हातांनी वेल्ड लावू नये. डिस्क ब्रेक बसवायचा कान, म्हणजे फ्रेमवरची पट्टी, वेल्ड करणे तर नकोच. त्यावर येणारा जोर नळी सोसणार नाही, आणि मोडल्यावर धोका चालवणाऱ्याला.

सुट्या तुकड्यांवर सराव करायचा असेल किंवा कॅरियरसाठी छोटी पट्टी बनवायची असेल तर टिग मशीन (टंगस्टनच्या टोकाने ठिणगी पाडून वेल्ड करणारे) एसीवर, म्हणजे उलटसुलट प्रवाहावर ठेवा, सांध्यावर सोडायचा वायू शुद्ध आर्गॉन. एसी का? अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर २००० अंशांच्याही पुढे. एसी प्रवाह तो थर फोडत राहतो. तरीही सफाई तुम्हालाच करायची आहे, आणि तीही क्रमाने: रंग काढा, अ‍ॅसिटोनने तेलकटपणा पुसा, ते पूर्ण उडू द्या, मगच स्टेनलेसच्या ब्रशने घासा. आधी घासले तर तेल धातूत दाबले जाते. हा ब्रश स्टीलला कधीही लावू नका. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर तर जवळही नको. वेल्डिंगच्या उष्णतेत आणि प्रकाशात त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

बंद नळी असेल तर हवा निघायला लहान भोक ठेवा. समोरासमोर टॅक (तुकडे जागेवर धरणारे छोटे वेल्डचे ठिपके) मारा, मग थोडे थोडे वेल्ड करा. प्रवाह जाडीच्या दर मिलिमीटरला साधारण ४० अँपिअर धरून सुरुवात करा. फिलर रॉड (सांध्यात वितळवून भरायची सळी) ४०४३ किंवा ५३५६ क्रमांकाचा. अ‍ॅल्युमिनियम वितळण्याआधी लाल होत नाही, त्यामुळे रंगाची वाट पाहाल तर भोक पडेल. पृष्ठभाग आरशासारखा चमकला की रॉड द्या.

आता वेगळे धातू. स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम नेहमीच्या वेल्डिंगने जोडता येत नाहीत. दोन्ही वितळून मिसळले की लोह-अ‍ॅल्युमिनियमची ठिसूळ संयुगे बनतात आणि सांधा काचेसारखा तुटतो. स्टीलला स्टेनलेस जोडायचे तर चांदीचे ब्रेझिंग उत्तम, म्हणजे तुकडे न वितळवता मध्ये चांदीचा मिश्रधातू वितळवून जोडणे: योग्य फ्लक्स (ऑक्साइड काढणारे रसायन) लावा आणि दोन तुकड्यांत केसभर फट ठेवा, म्हणजे धातू आपसूक आत खेचला जातो.

अ‍ॅल्युमिनियमला दुसरा धातू जोडायचा तर इपॉक्सी किंवा बोल्ट. चिकटवलेले सांधे कमकुवत असतात असे समजू नका. १९८०च्या दशकात आयरिश सायकलपटू शॉन केलीने नळ्या चिकटवून बनवलेल्या व्हिटस ९७९ फ्रेमवर मोठ्या शर्यती जिंकल्या. पण सांधा एकावर एक चढणारा हवा, ओढून सोलला जाईल असा नको. दोन्ही बाजू खरवडा, पुसा, लगेच इपॉक्सी लावा आणि डब्यावर लिहिलेला पूर्ण वेळ हलवू नका. धातूला धातू थेट टेकला आणि ओल शिरली तर अ‍ॅल्युमिनियम गंजते, म्हणून मध्ये इपॉक्सीचा अखंड थर हवा; कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये काचतंतूचे कापड घाला. बाटलीच्या पिंजऱ्यासाठी रिव्हेटनट (नळीत बाहेरूनच घट्ट बसणारा आटे असलेला नट) बसवा आणि स्टीलच्या बोल्टला ग्रीस लावा.

सायकल धुताना प्रत्येक वेळी सांध्याभोवतीचा रंग निरखा. केसासारखी रेघ दिसली तर त्यावर पुन्हा वेल्ड लावू नका. फ्रेम वापरातून काढा.