न्यूमोनिया कोणता? मेडिसिनच्या नव्या रेसिडेंटसाठी

न्यूमोनियाचा टिपिकल-एटिपिकल (नेहमीचा आणि वेगळ्या रूपाचा) तक्ता तुम्हाला पाठ असेलच. हुडहुडी भरून ताप, गंजाच्या रंगाचा बेडका, फुप्फुसाच्या एका लोबचं (भागाचं) कन्सॉलिडेशन, म्हणजे तो भाग घट्ट होणं, असेल तर न्यूमोकोकस हा जंतू. कोरडा खोकला, आणि स्टेथोस्कोपने कळतं त्याहून एक्स-रे जास्त खराब म्हणजे मायकोप्लाझ्मा. परीक्षेला एवढं पुरतं. वॉर्डात मात्र ही चित्रं सरमिसळ होऊन येतात. नुसता एक्स-रे उजेडाला धरून जंतूचं नाव सांगणाऱ्या सिनिअरचं मी आता ऐकत नाही.

पहिल्या वर्षी मला सगळ्यात छळलं ते टीबीनं. पन्नाशीचा मधुमेही, उजव्या खालच्या लोबमध्ये पॅच, ताप चार दिवस. बघताक्षणी साधा न्यूमोनिया वाटतो. पण मधुमेहात टीबी खालच्या लोबमध्येही बसतो. त्यात रुग्ण बाहेरून लिव्होफ्लॉक्सासिन खाऊन आलेला असतो. क्विनोलोन गटातलं हे अँटिबायोटिक टीबीच्या जंतूवरही चालतं. मल्टिड्रग-रेझिस्टंट (मुख्य औषधांना दाद न देणाऱ्या) टीबीच्या उपचारातलं ते एक मुख्य औषध आहे. मग ताप उतरतो, भूक लागते, बेडक्यात जंतू सापडणं अवघड होतं, आणि फाइलवर 'रिस्पॉन्स चांगला' लिहून डिस्चार्ज दिला जातो. काही आठवड्यांनी तोच माणूस हाडं दिसायला लागल्यावर परत येतो. एकटंच औषध मिळाल्यानं जंतू त्याला दाद देईनासा होण्याची भीती असते ती वेगळीच.

म्हणून हिस्टरी सोबतच्या माणसाकडूनही घ्या. "काका, ताप कधीपासून?" "झाले चार दिवस." तेवढ्यात काकू म्हणतात, "कसले चार दिवस? गणपतीपासून खोकतायत हे!" त्यांच्या पिशवीतली गोळ्यांची रिकामी पाकिटं हातात घेऊन स्वतः वाचा. 'तापाची गोळी' म्हणून सांगितलेली गोळी क्विनोलोन निघू शकते. शंका आली की त्याच दिवशी बेडका सीबीनॅटला (टीबीचा जंतू शोधणाऱ्या मशीनवरच्या जनुकीय तपासणीला) पाठवा, खोल खोकून काढलेला. लाळ चालत नाही. मशीनला साधारण दोन तास लागतात, रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाचा रेझिस्टन्सही कळतो. रिपोर्ट येईपर्यंत 'देऊन तर बघू' म्हणून क्विनोलोन सुरू करू नका. युनिटमध्ये तशी पद्धत असली तरी राउंडला विचारा.

बाकीचं हळूहळू अंगवळणी पडतं, त्याची धास्ती नको. माणूस कुठे आणि कसा आजारी पडला ते आधी बघा. दाखल होऊन ४८ तास उलटल्यावर सुरू झाला तर हॉस्पिटलमधला. दारूत शुद्ध हरपली होती किंवा पक्षाघात आहे, तर ॲस्पिरेशन (अन्न किंवा उलटी श्वासनलिकेत जाऊन झालेला). फ्लू उतरता उतरता ताप पुन्हा भडकला, तर स्टॅफ (स्टॅफिलोकोकस हा जंतू). एक्स-रे जवळपास स्वच्छ, पण चार पावलं चालवलं की ऑक्सिजन घसरतो, तर एचआयव्हीची तपासणी कराच. सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) २०० च्या खाली असेल तर न्यूमोसिस्टिस (बुरशीचा न्यूमोनिया) डोक्यात हवा. पावसाळ्यात भातलावणी करून आलेला, डोळे पिवळे, प्लेटलेट कमी, खोकल्यातून रक्त, तर तो लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) फुप्फुसातला रक्तस्राव असू शकतो. इथे उशीर जिवावर बेततो.

बऱ्याच रुग्णांत सगळ्या तपासण्या करूनही जंतू सापडत नाही. तो तुमचा कमीपणा नव्हे. तिसऱ्या दिवशी एक्स-रे तसाच दिसला म्हणून अँटिबायोटिकही बदलू नका. क्विनोलोन दिलेलं नसेल आणि ताप, श्वास, भूक सुधारत असेल, तर उपचार बहुधा बरोबर आहे. सावली विरायला सहा आठवडेही लागतात. पन्नाशीपुढच्या बिडी ओढणाऱ्याच्या डिस्चार्ज कार्डावर मात्र पुढच्या एक्स-रेची तारीख लिहाच. न विरणाऱ्या सावलीमागे गाठ असू शकते.