कुत्र्याच्या अंगाला वास येतोय? आधी तो स्प्रे खाली ठेवा

पाऊस सुरू झाला की ग्रूमिंगला येणाऱ्यांचं गाऱ्हाणं एकच असतं: "ताई, अंघोळ घालून आठवडा नाही झाला, तोवर परत वास!" मधल्या दिवसांत काय करता, असं विचारलं की उत्तरंही ठरलेली. पावडर टाकतो, स्प्रे मारतो, नाहीतर सरळ परत अंघोळ घालतो. वर्षानुवर्षं हेच ऐकतेय, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

निरोगी कुत्र्यालाही थोडा वास असतोच. कातडीतून तेल सुटतं, त्यावर यीस्ट आणि जिवाणू जगतात, आणि केस ओले झाले की वाळता वाळता तो वास घरभर पसरतो. तो आटोक्यात ठेवता येतो, पण पूर्ण घालवायचा हट्ट धरला की कातडीची वाट लागते.

वासावर वास चढवणे

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. एका पावसाळ्यात एक गोल्डन रिट्रीव्हर आला. दारातून आत आला तेव्हाच लव्हेंडरचा भपकारा आणि त्याखाली काहीतरी कुजल्यासारखा वास. घरच्यांनी सांगितलं, सोफ्यावर बसतो म्हणून रोज संध्याकाळी पावडर लावतो आणि वरून डिओ मारतो. खाजवतो थोडा, पण ती त्याची सवयच आहे म्हणे.

पट्टा काढला आणि मानेपाशी फणी घातली, तर फणी पुढे सरकेना. दमट हवेत पावडरचा लगदा होऊन केसांत घट्ट बसला होता, केसांच्या जटा झाल्या होत्या. मशीनने हळूहळू जटा काढल्या तेव्हा खाली तळहाताएवढी लाल, चिकट, पाणी सुटलेली जखम. डॉक्टर याला हॉटस्पॉट म्हणतात. ओल कोंडली, कुत्र्याने खाजवलं, जंतू वाढले, की अशी जखम एका दिवसातही पसरते. कुजका वास तिचाच होता, आणि घरचे रोज त्यावर सुगंध मारत होते. मी काम तिथेच थांबवून त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. निघताना त्यांनी विचारलं, "मग तुम्ही कोणता स्प्रे वापरता?"

मी स्प्रे वापरत नाही. कुत्रा स्वतःचं अंग चाटतो, त्यामुळे केसांवर लावलेलं सगळं त्याच्या पोटात जातं. टी ट्री ऑइल तर कुत्र्यांना विषारी आहे. "नैसर्गिक आहे" म्हणून त्याचे थेंब अंगावर टाकणाऱ्यांना मी तोंडावर नाही म्हणते. बेकिंग सोडा चोळा, लिंबू लावा, हे व्हिडिओही बघून सोडून द्या. दोन मिनिटांत वास घालवणारी युक्ती शोधणारे तीच दोन मिनिटं फणीला द्यायला मात्र तयार नसतात.

माझी पद्धत साधी आहे. आधी फणी, कारण गळालेले केस आणि धूळ आत असेल तर पुढचं सगळं फुकट. मग कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं सुती फडकं, आधी केसांच्या उलट दिशेने, मग सुलट. पोट, काखा, शेपटीखाली आणि पंजांच्या बोटांमध्ये जरा जास्त वेळ. शेवटी कोरडा पंचा आणि पंखा. त्यात साबण नाही, काहीच नाही.

वरून कोरडा, आतून ओला

लॅब, जर्मन शेफर्ड, आपल्याकडे सगळे पॉमेरेनियन म्हणतात ते स्पिट्झ: यांना वरच्या केसांखाली दाट मऊ लव असते. पावसातून फिरून आल्यावर लोक पंचा खसाखसा चोळतात, वरचे केस कोरडे लागले की झालं म्हणतात. आतली लव तासन् तास ओली राहते आणि कुबट वास तिथूनच येतो. चोळल्याने गुंतेही वाढतात. पंचा दाबून पाणी टिपा, ओला झाला की दुसरा घ्या. मग बोटं केसांत घालून कातडीला लावून बघा. गार लागली तर अजून ओल आहे. ड्रायर वापरायचा तर गार हवेवर आणि लांबून.

बाकीच्या चुका

दर दोन दिवसांनी अंघोळ: कातडी कोरडी पडते, खाज सुटते. त्वचेचा त्रास नसेल तर तीन-चार आठवड्यांनी एकदा पुरते.

आपला शॅम्पू: माणसाची त्वचा आम्लधर्मी असते, कुत्र्याची त्यामानाने उदासीन. त्याला त्याचाच शॅम्पू लागतो.

वास जाईल म्हणून सगळे केस भादरणे: आतली लव असलेल्या कुत्र्यांना ऊन आणि किड्यांपासून तेच केस वाचवतात.

अंथरुणाजवळ फिनाईल किंवा डांबराच्या गोळ्या: दोन्ही विषारी. अंथरूण दर आठवड्याला धुवा. पावसाळ्यात मी जाड गादीवर जुन्या चादरी घालते, कारण त्या घरातल्या दोरीवरही वाळतात.

पट्टा: कुत्रा धुतात आणि तोच मळका नायलॉनचा पट्टा परत गळ्यात घालतात! तोही धुवा, आणि घरात असताना गळा मोकळा ठेवा.

वास केसांचा नसतोच तेव्हा

फणी, फडकं, स्वच्छ अंथरूण, सगळं करूनही वास हटत नसेल तर केसांचा नाद सोडा. कान हुंगून बघा. आंबूस वास, तपकिरी मळ, सतत मान झटकणं ही संसर्गाची लक्षणं आहेत. कापसाच्या काड्या आत घालू नका. पगसारख्या कुत्र्यांच्या चेहऱ्याच्या घड्या आणि कॉकर स्पॅनियलच्या ओठांच्या घड्या ओल्या राहून आंबतात, त्या रोज पुसून कोरड्या करा. तोंडाला दुर्गंधी असेल तर दातांवरचं किटण बघा; तीच लाळ चाटून अंगभर लागते. सडक्या माशासारखा वास आणि जमिनीवर ढुंगण घासणं दिसलं तर गुदग्रंथी, म्हणजे गुदद्वाराजवळच्या दोन छोट्या पिशव्या, भरलेल्या असू शकतात. व्हिडिओ बघून त्या घरी पिळायला जाऊ नका, डॉक्टरांना दाखवा.