नाशिकमध्ये फॅमिली सेडान घेताना: नवी की जुनी, आणि नेमकं काय तपासायचं

सेडान घ्यायची ठरली की घरातली पहिली चर्चा मॉडेलवरून होते. खरं तर तो भाग सोपा आहे, कारण मध्यम आकाराच्या सेडान आता मोजक्याच उरल्यात: होंडा सिटी, ह्युंदाई व्हर्ना, स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस. मारुती सियाझ २०२५ मध्ये बंद झाली, पण जुन्या बाजारात भरपूर सापडते. यातली कुठलीही घेतली तरी चौघांचं कुटुंब आरामात मावतं. पैसे बुडतात ते समोर उभ्या असलेल्या त्या एका गाडीचे कागद आणि पत्रा नीट न बघितल्यामुळे. म्हणून मॉडेल ठरवायला एक संध्याकाळ द्या आणि गाडी तपासायला दोन दिवस.

आधी टेप घेऊन पार्किंगमध्ये जा

या गाड्या साधारण ४.४९ ते ४.५८ मीटर लांब असतात, म्हणजे हॅचबॅकपेक्षा जवळपास दोन फूट जास्त. सिडकोतल्या रो-हाऊससमोर किंवा इंदिरानगरच्या एखाद्या जुन्या सोसायटीत दोन खांबांमधल्या पार्किंगमध्ये हे दोन फूट फार महागात पडतात. लांबी मोजा, आणि दार उघडून माणूस बाहेर पडेल एवढी, निदान ६० सेंटीमीटर जागा एका बाजूला राहते का तेही बघा. गेटचा उतार तीव्र असेल तर पुढचा बंपर घासतो. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर जास्त असल्यामुळे उंच गतिरोधकावर पोटही टेकतं. शोरूममध्ये सेल्समन एकटा शेजारी बसवून फेरी मारून आणतो, त्यात हे कळत नाही. पाच जण बसवा आणि स्वतःच्या कॉलनीतल्या गतिरोधकावरून गाडी न्या.

आणखी एक गोष्ट घरातल्या ज्येष्ठांची. सेडानची सीट खाली असते. आजींचे गुडघे दुखत असतील तर त्यांना शोरूममध्ये सोबत न्या, मागच्या सीटवर तीनदा बसवा-उठवा. त्यांना त्रास होत असेल तर सेडानचा हट्ट सोडलेला बरा, मग गाडी कितीही देखणी असो.

डिकी ५०० लिटरच्या पुढे असते: सिटीची ५०६, सियाझची ५१०, स्लाव्हियाची ५२१, व्हर्नाची ५२८. हे आकडे जाहिरातीपुरते ठीक आहेत. तोंड अरुंद असल्यामुळे उभी, चौकोनी वस्तू आत जात नाही. घरात व्हीलचेअर किंवा बाळाची गाडी असेल तर ती घेऊन जा आणि घालून बघा.

नवी की जुनी: आधी कराचा हिशोब

चार मीटरपेक्षा लांब असल्यामुळे या गाड्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे. आधी सेस धरून तो ४५ टक्के होता. त्यावर महाराष्ट्राचा एकरकमी रस्ता कर येतो. वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांत १२ टक्के. म्हणजे बारा लाखांच्या गाडीवर नुसता कर १ लाख ४४ हजार. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर दर थेट २० टक्के, त्यामुळे अंबड-सातपूरच्या कारखानदारांनी ‘कंपनीच्या नावावर घेऊ, खर्चात दाखवू’ असं ठरवण्याआधी सीएला विचारावं. दहा लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएसही (विक्रेत्याने गोळा केलेला आगाऊ आयकर) कापला जातो. तो आयकर विवरणपत्रात परत मागता येतो, पण बरेच जण विसरतात.

महाराष्ट्रात पासिंग झालेली जुनी गाडी घेतली तर हा कर पुन्हा भरावा लागत नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांतली मोठी घसरणही पहिल्या मालकाने सोसलेली असते. त्यामुळे वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटर चालवणाऱ्या कुटुंबाला तीन ते पाच वर्षांची, एकाच मालकाची पेट्रोल सेडान हा आमच्या मते सगळ्यात फायद्याचा सौदा. गाडी आठ-दहा वर्षं ठेवायची असेल, किंवा कर्जाशिवाय जमणार नसेल, तर नवी घ्या, कारण जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर नव्यापेक्षा चढा असतो.

नाशिकच्या बाजारात दादरा-नगर हवेली, दमण आणि गुजरातच्या पासिंगच्या गाड्या वरचेवर येतात. डीएन-०९ किंवा डीडी-०३ ची पाटी आणि किंमत लाखभराने कमी. ती गाडी कायमची इथे चालवायची तर मूळ आरटीओची एनओसी आणावी लागते आणि महाराष्ट्राचा कर भरून एमएच-१५ क्रमांक घ्यावा लागतो. तो कर धरला की स्वस्ताई बहुतेक वेळा संपते.

इंधन आणि गिअर

डिझेल नव्यात मिळत नाही. या गटातली शेवटची डिझेल इंजिनं एप्रिल २०२३ च्या प्रदूषण नियमांच्या सुमारास गेली. जुन्यात मिळतं, पण एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलमध्ये धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. गंगापूर रोड ते कॉलेज रोड एवढंच रोज फिरणं असेल तर तो फिल्टर तापतच नाही, काजळी जळत नाही, आणि दिवा लागतो. आठवड्यातून एकदा मुंबई किंवा पुण्याला जाणाऱ्यानेच डिझेलकडे बघावं.

ऑटोमॅटिकमध्ये सिटीचा सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारा, टप्प्यांविना बदलणारा गिअरबॉक्स) गर्दीत सर्वात मऊ. स्लाव्हिया-व्हर्टसच्या १.० लिटर इंजिनाला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (साध्या क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा) आहे, १.५ ला सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी (दोन क्लचचा गिअरबॉक्स). डीएसजी महामार्गावर अप्रतिम चालतो, पण द्वारकेच्या कोंडीत फूटफूट सरकवत राहिलं तर क्लच तापतो. जुनी डीएसजी बघताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये धक्का किंवा थरथर जाणवली तर ती गाडी सोडा, त्या दुरुस्तीचा खर्च मोठा असतो.

बाहेरून बसवलेलं सीएनजी किट असेल तर आरसीवर त्याची नोंद आणि सिलिंडरच्या दर तीन वर्षांच्या हायड्रो टेस्टचं (दाबाच्या चाचणीचं) प्रमाणपत्र बघा. नोंद नसलेल्या किटवर विमा कंपनी दावा नाकारू शकते. शिवाय डिकी गेलीच.

गाडी बघायला जाण्याआधी

गाडीचा नंबर मागवा आणि घरी बसून एम-परिवहन या सरकारी अॅपवर टाका. नोंदणीची तारीख, कितवा मालक, विम्याची मुदत, कुणाच्या कर्जाचा बोजा आहे का, हे कळतं. महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर थकलेला दंड दिसतो. मालकाकडून सर्व्हिस रेकॉर्ड मागा. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये प्रत्येक वेळी किलोमीटरची नोंद होते. २०२२ मध्ये ६१ हजार आणि आज मीटरवर ४८ हजार, अशी गाडी निघाली तर पुढे बोलूच नका. अपघाताचं मोठं बिलही तिथेच सापडतं. चेसिस नंबर देऊन रिकॉलचं (सदोष भाग बदलायला कंपनीने गाडी परत बोलावल्याचं) काम बाकी आहे का तेही विचारा. २०१४ पूर्वीची होंडा सिटी असेल तर टकाटा कंपनीची सदोष एअरबॅग बदलल्याची खात्री झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नंबर द्यायला टाळाटाळ करणाऱ्या एजंटकडे जाण्यात पेट्रोल घालवू नका.

पत्रा, पाणी, इंजिन: या क्रमाने

सकाळी, उन्हात आणि गाडी कोरडी असताना बघा. धुतलेल्या ओल्या गाडीवर पुन्हा मारलेला रंग ओळखता येत नाही. मालकाला आधीच सांगा की इंजिन सुरू करू नका. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर थांबा किंवा दुसऱ्या दिवशी या, कारण बहुतेक रोग थंड इंजिन सुरू करतानाच दिसतात.

रंगाची जाडी मोजणारं यंत्र भाड्याने किंवा मेकॅनिककडून मिळतं. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन असतो. २०० च्या वर म्हणजे पॅनल पुन्हा रंगवलाय, ३००-४०० च्या पुढे म्हणजे खाली पुट्टी आहे. एखाद्या दाराला किंवा बंपरलगतच्या पॅनलला रंग मारलेला असणं शहरात नेहमीचंच. छत आणि खांब मात्र मूळ रंगाचेच हवेत. बॉनेटच्या बिजागऱ्यांचे आणि फेंडरचे बोल्ट बघा. त्यांचा रंग उडालेला असेल तर पाना लागलाय. दारांची रबरी बीडिंग ओढून आतले स्पॉट वेल्डचे गोल ठसे बघा. ते एकसारख्या अंतरावर, सुबक असतात. हाताने केलेलं वेल्डिंग लगेच वेगळं दिसतं. डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीच्या खड्ड्यातही तेच बघायचं. मागून जोरात धडक बसलेली असली तर हा खड्डा चुरगळलेला सापडतो.

पुरात बुडालेली गाडी ही सगळ्यात मोठी जोखीम. गोदावरीला पूर आला की दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागल्याची बातमी सगळे बघतात. त्याच पाण्यात काठालगत उभ्या राहिलेल्या गाड्या नंतर कुठे जातात, हे कुणी विचारत नाही. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि २०२१ मध्ये चिपळूणला बुडालेल्या गाड्याही साफ होऊन राज्यभर विकल्या जाऊ शकतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते, ती धुवायला कुणी जात नाही. सीटखालच्या रुळांवरचा गंज, फ्यूज बॉक्समधली हिरवट बुरशी, हेडलाइटच्या आतली धूसर रेषा हे पुढचे पुरावे. काचा बंद करून दहा मिनिटं एसी चालवा. कुबट वास आला किंवा अत्तराचा भपकारा आला, तर दोन्ही सारखेच संशयास्पद.

मग इंजिन. ऑइलचं झाकण उघडा. आत पिवळसर लोण्यासारखा थर असेल तर ऑइलमध्ये पाणी जात असण्याची शक्यता आहे. कूलंटमध्ये तेलाचा तवंग दिसला तर हेड गॅस्केट (इंजिनमधलं सील) गेल्याचा संशय. सुरू केल्यावर निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. थंडीत थोडी पांढरी वाफ चालते, पण ती दहा मिनिटांनीही थांबली नाही तर नाही. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. दिवा मुळीच लागत नसेल तर कुणीतरी तो काढून ठेवलाय, आणि बहुधा एअरबॅग उघडून गेलेल्या आहेत. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावलात तर कोड पुसून किती किलोमीटर झाले हेही बऱ्याच गाड्यांत दिसतं. तिथे ‘१२ किलोमीटर’ आलं तर काल रात्री काय पुसलं, ते विचारा.

निफाड-दिंडोरीकडच्या शेतातल्या शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदरांनी वायरिंग कुरतडलेलं सापडतं. पत्रा उत्तम, रनिंग कमी, आणि अधूनमधून कुठला तरी दिवा लागतो, अशी गाडी असेल तर बॉनेटखालच्या वायरींवर नवी काळी टेप कुठे गुंडाळलीय ते शोधा.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटर ही किमान मर्यादा. समृद्धीवर १२० ची वेगमर्यादा आणि तापलेलं काँक्रीट आहे. सहा वर्षांचा टायर नक्षी शिल्लक असली तरी तिथे नेऊ नका. चार टायरांचा खर्च आत्ताच किमतीतून वजा करा.

चालवून बघण्याचा रस्ता

पंधरा किलोमीटर पुरतात, पण रस्ता निवडून घ्या. आधी द्वारका किंवा मुंबई नाक्याच्या गर्दीत दहा मिनिटं, मग उड्डाणपुलावरून पाथर्डी फाट्याकडे आणि पुढे विल्होळीपर्यंत. गर्दीत क्लच आणि गिअर कळतात, चढावर ओढ कळते, मोकळ्या रस्त्यावर ८० च्या आसपास स्टीअरिंगची थरथर आणि गाडी एका बाजूला ओढते का ते कळतं. मागे कुणी नाही हे बघून एकदा जोरात ब्रेक लावा. मॅन्युअल गाडीत चौथ्या गिअरमध्ये ४० वर असताना अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम वाढले पण वेग वाढला नाही, तर क्लच प्लेट संपलीय. रेडिओ बंद ठेवा, मालक गप्पा मारायला लागला तर ऐकल्यासारखं करा.

नवी घेत असाल तर

पासिंगच्या आधी यार्डात जाऊन गाडी बघा, नंतर बदलून मिळत नाही. चेसिस नंबरवरून निर्मितीचा महिना काढून घ्या. पाडवा-दसऱ्याच्या गर्दीत सहा-आठ महिने उभी राहिलेली गाडी मुहूर्ताच्या नावाखाली गळ्यात मारली जाते. जुना साठा घ्यायचाच असेल तर सूट मागून घ्या. शोरूमचा विमा घेणं सक्तीचं नाही, बाहेरचा दर मागवून समोर ठेवा.

पैसे आणि कागद

टोकन लहान ठेवा आणि पावतीवर ‘कागद न जुळल्यास परत’ असं लिहून घ्या. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. हस्तांतरासाठी फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० लागतो, सोबत आरसी, विमा, पीयूसी, दोघांची ओळखपत्रं. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन कागद एजंटच्या कपाटात ठेवायची पद्धत आहे, त्याला साफ नकार द्या. पेठ रोडच्या आरटीओत अर्ज दाखल झाल्याची पावती स्वतः बघा. ताबा घेताना तारीख आणि वेळ लिहिलेलं पत्र दोघांच्या सहीने करा. त्या मिनिटानंतरचा दंड किंवा अपघात कुणाचा, हे त्यावरून ठरतं.

विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. थर्ड पार्टी संरक्षण गाडीबरोबर येतं, पण नाव बदललं नाही तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा, तो तुम्हाला मिळत नाही. त्यामुळे हप्त्यातला फरक भरावा लागेल, तो बजेटमध्ये धरा. एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर) पाटी बसलीय का ते बघा. दोन्ही किल्ल्या मागा. दुसरी नसेल तर नवी रिमोट किल्ली कोडिंगसह कितीला पडते ते सर्व्हिस सेंटरला विचारून तेवढे कमी करा.

गाडी घरी आली की इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदला, आधी कधी बदललं होतं याची मालकाने कितीही हमी दिली तरी. आणि जुन्या मालकाला त्याचा फास्टॅग बंद करायला लावून तुमच्या नावाचा नवा घ्या.