टेलीफोटो झूम लेन्स कशी वापरावी: भिगवणची होडी, क्रिकेटचे मैदान आणि दिवे घाट

हिवाळ्यात भिगवणजवळ उजनी धरणाच्या फुगवट्यात रोहित पक्षी उतरतात, तेव्हा कुंभारगावच्या काठावरून सकाळी निघणाऱ्या होड्यांमधील बहुतेक छायाचित्रकारांची झूम रिंग निघतानाच ६०० वर, म्हणजे सर्वात लांबच्या टोकावर, फिरवलेली असते आणि परत येईपर्यंत ती तिथून हलत नाही. पहिली दोन वर्षे मीही तेच केले. थवा उडाला की बटण दाबून धरायचे आणि घरी येऊन पाहायचे, तर कुठे पंखाचे टोक कापलेले, कुठे मान चौकटीबाहेर गेलेली आणि उरलेल्या फोटोंत नुसते पाणी. १५०-६०० मिमी लेन्ससाठी आपण पैसे मोजतो ते ६०० साठी, हे खरे. परंतु तिच्यात झूम आहे याचा खरा फायदा रिंग १५० कडे परत फिरवता येण्यात आहे, हे लक्षात यायला मला बराच काळ लागला. खाली जे सांगितले आहे, त्यातील बरेचसे या एका सवयीशी जोडलेले आहे.

आधी थोडा हिशेब करावा, कारण तो एकदा डोक्यात बसला की लेन्स निवडणे आणि उभे राहण्याची जागा ठरवणे, दोन्ही सोपे होते. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ६०० मिमीची लेन्स १०० मीटर अंतरावरचा साधारण ६ मीटर रुंदीचा पट्टा दाखवते, तर २०० मिमीची लेन्स १८ मीटरचा. निकॉन, सोनी आणि फुजीच्या क्रॉप सेन्सर (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यांवर हा पट्टा दीड पटीने आणि कॅनॉनच्या कॅमेऱ्यांवर १.६ पटीने अरुंद होतो. म्हणजेच क्रॉप बॉडीवरची साधी ७०-३०० लेन्स फुल फ्रेमवरच्या ४५० मिमीइतका आवाका देते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने याच जोडीपासून सुरुवात करावी असे माझे मत आहे. दोन किलो वजनाची लेन्स कपाटात राहते, आणि ७०-३०० खांद्यावर राहते.

लांब लेन्स दूरची वस्तू मोठी करते, त्याच पटीने हाताचा कंपही मोठा करते. म्हणून शटर स्पीड निदान फोकल लेंथच्या (लेन्सच्या मिमीतील आकड्याच्या) व्यस्त असावा, म्हणजे ५०० मिमीला १/५०० सेकंद, असा जुना नियम आहे. क्रॉप सेन्सरवर तो वेग दीडपट ठेवावा. आजच्या लेन्समधील स्थिरीकरणामुळे (कॅनॉन त्याला आयएस म्हणते, निकॉन व्हीआर, सिग्मा ओएस आणि टॅमरॉन व्हीसी) या नियमात सवलत मिळते, परंतु ती सवलत आपल्या हाताच्या कंपापुरतीच असते. समोरचा पक्षी मान फिरवतो तेव्हा त्या हालचालीवर स्थिरीकरणाचा काहीही परिणाम होत नाही. शांत बसलेल्या पक्ष्याला १/५०० पुरतो, चालणाऱ्याला १/१००० लागतो, उडणाऱ्या बगळ्या-करकोच्यांना १/२००० आणि खंड्यासारख्या चपळ पक्ष्याला १/३२०० सुद्धा कमी पडू शकतो.

या श्रेणीतील परवडणाऱ्या लेन्स दूरच्या टोकाला एफ/६.३ पर्यंतच उघडतात (एफचा आकडा मोठा, तितके लेन्सचे छिद्र लहान), आणि एफ/२.८ च्या तुलनेत तिथे जवळपास पाचपट कमी प्रकाश आत येतो. त्यामुळे पहाटे एवढा वेगवान शटर ठेवला की आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० किंवा ६४०० वर जातो आणि अनेकजण घाबरून शटर खाली आणतात. असे करू नये. वाढलेल्या आयएसओमुळे फोटोत येणारे दाणे नंतर बऱ्याच अंशी कमी करता येतात, हललेला डोळा मात्र कोणत्याही सॉफ्टवेअरने परत मिळत नाही. मी स्वतः कॅमेरा मॅन्युअल मोडवर ठेवून शटर आणि ॲपर्चर (लेन्सचे छिद्र) ठरवून टाकतो, आयएसओ ऑटोवर सोडतो आणि उजेडाची दुरुस्ती एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनने (फोटो मुद्दाम उजळ वा गडद करणाऱ्या सेटिंगने) करतो. काळ्या पाण्यावर पांढरा बगळा असेल तर कॅमेरा पाण्याला भुलतो आणि पिसे जळतात, म्हणजे तपशील जाऊन नुसती पांढरी होतात, म्हणून तिथे उणे एक. उजळ आकाशात घार असेल तर ती नुसता काळा आकार होते, म्हणून तिथे अधिक एक.

लेन्स धरण्याची पद्धत पुस्तकातून कळत नाही, तरी सांगून ठेवतो. डावा तळवा लेन्सच्या खाली, कॅमेऱ्यापासून जितका दूर जाईल तितका पुढे असावा. दोन्ही कोपरे बरगड्यांना टेकलेले असावेत आणि श्वास अर्धा सोडून बटण दाबावे. जिप्सीत किंवा गाडीच्या खिडकीवर बीन बॅगइतका (लेन्स टेकवायच्या भरलेल्या पिशवीइतका) उत्तम आधार दुसरा नाही. पिशवी रिकामी न्यावी आणि मुक्कामी पोहोचल्यावर किलो-दोन किलो तांदूळ विकत घेऊन भरावी. परतताना ते तांदूळ ज्या घरी उतरलो तिथेच देऊन टाकावेत. एवढेच पाहावे की गाडीचे इंजिन बंद आहे, कारण चालू इंजिनाचा थरकाप बीन बॅगमधून थेट लेन्सपर्यंत येतो.

आता उडत्या पक्ष्याकडे वळू. ६०० मिमीवर आकाशातील घार शोधणे म्हणजे बोळाच्या टोकातून चंद्र शोधण्यासारखे आहे. यावरचा उपाय सोपा आहे, पण हाताला वळण लागेपर्यंत रोज करावा लागतो. रिंग २०० वर आणावी, नजर पक्ष्यावरच खिळवून ठेवावी आणि नजर न हलवता कॅमेरा उचलून डोळ्याला लावावा. पक्षी चौकटीत सापडला, फोकसने त्याला पकडले की त्याच्याबरोबर फिरत फिरत रिंग पुढे न्यावी, आणि पंख कडेला लागण्याआधीच थांबावे. कॅमेरा सतत फोकसवर (एएफ-सी, किंवा कॅनॉनच्या भाषेत सर्व्हो) असावा, आणि लेन्सवर फोकसची मर्यादा ठरवणारा खटका असेल तर तो दूरच्या अंतरावर लावावा. नाहीतर एकदा फोकस हुकला की लेन्स अगदी जवळच्या टोकापर्यंत जाऊन परत येते आणि तेवढ्यात पक्षी पसार होतो. याचा सराव करायला अभयारण्यात जाण्याची गरज नाही. दुपारी गच्चीवर जावे, शहरावर घारी फिरतच असतात.

फोकस हा डोळ्यावरच हवा, याचे कारणही हिशेबातच आहे. ६०० मिमी, एफ/६.३ आणि १० मीटर अंतर असेल तर स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम १० सेंटिमीटर असते. चोच स्पष्ट आली आणि डोळा धूसर झाला, असे यामुळेच घडते. बाजूने दिसणारा पक्षी असेल तर डोळा, चोच आणि छाती एकाच पातळीत येतात आणि काम सोपे होते; समोरून येणाऱ्या पक्ष्याला एफ/८ द्यावा, म्हणजे ही खोली थोडी वाढते.

ताडोब्याला जाणाऱ्यांचा एक ठरावीक प्रश्न असतो: ६०० पुरेल का? खरी अडचण बरेचदा उलट असते. उन्हाळ्यात पाणवठ्याकडे निघालेला वाघ गाडीच्या वीस-पंचवीस मीटरवरून जातो, आणि ज्याची रिंग पुढे अडकली आहे त्याला फक्त गालाच्या मिशा मिळतात. तिथे १००-४०० लेन्स जास्त उपयोगी ठरते. मात्र वाघ लांब असताना लांब लेन्सचा एक फायदा आहे, ज्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. जिप्सीत उभे राहिल्यावर कॅमेरा जमिनीपासून साधारण अडीच मीटर उंचीवर असतो आणि वाघाचा डोळा एका मीटरच्याही खाली. दहा मीटरवरून आपण त्याच्याकडे स्पष्टपणे वरून पाहतो आणि तो बुटका दिसतो. चाळीस मीटरवरून हाच कोन दोन-अडीच अंशांवर येतो आणि जणू त्याच्या समोर जमिनीवर बसून फोटो काढल्यासारखा भास होतो. गाईडला गाडी आणखी पुढे घ्यायला सांगण्याआधी हे आठवावे. भिगवणच्या होडीतही तेच करावे: उभे न राहता तळाशी बसून लेन्स काठाच्या उंचीवर आणावी. आणि रोहित पक्ष्यांनी खाणे थांबवून माना वर केल्या, सगळा थवा एकाच दिशेला चालू लागला, की नावाड्याला होडी थांबवायला सांगावे. उडण्याचा फोटो हवा म्हणून थवा उठवणे हा आडदांडपणा आहे. घरट्यावरच्या पक्ष्यांना तर लेन्स कितीही लांब असली तरी सोडून द्यावे.

खेळाच्या मैदानावर अंतर बदलत नाही, कारण सीमारेषा ओलांडता येत नाही, आणि म्हणून जागेची निवडच निर्णायक ठरते. फलंदाज ६५ मीटरवर आहे असे धरले तर फुल फ्रेमवर ४०० मिमी लेन्समध्ये तो चौकटीची जवळपास अर्धी उंची व्यापतो, आणि २०० मिमीमध्ये पाव उंचीही भरत नाही. उजव्या हाताने खेळणाऱ्याची छाती ऑफ साइडला असते, त्यामुळे पॉइंट ते कव्हरच्या मागे, सीमारेषेबाहेर बसले की चेहरा आणि फटका दोन्ही मिळतात. डावखुऱ्यासाठी बाजू बदलावी लागते. मुंबईच्या ओव्हल किंवा आझाद मैदानावर एकमेकांना खेटून अनेक सामने चाललेले असतात, आणि आपल्या फलंदाजाच्या डोक्यामागे शेजारच्या सामन्यातला स्लिपचा क्षेत्ररक्षक वाकलेला दिसतो. अशा वेळी चार पावले सरकून मागे झाडांची रांग आणावी, जमिनीवर मांडी घालावी आणि ॲपर्चर पूर्ण उघडावा.

बर्स्टवर, म्हणजे बटण दाबून धरून सलग फोटो घेण्यावर, फार विसंबू नये. ताशी ११० किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला तीस मीटरहून थोडा अधिक जातो. सेकंदाला दहा फोटो घेणारा कॅमेरा दोन फोटोंच्या मध्ये चेंडूला तीन मीटर पुढे जाऊ देतो, म्हणजे बॅट आणि चेंडू एकाच फोटोत येणे हा बराचसा नशिबाचा भाग. गोलंदाजाचा हात वर आला की मनात ताल धरून एकच फोटो टिपण्याची सवय केली, तर यश आश्चर्यकारकरीत्या वाढते. शटर १/२००० असेल तर तेवढ्या वेळात चेंडू दीड सेंटिमीटर सरकतो, ते चालते.

कबड्डी, बॅडमिंटन यांसारख्या बंदिस्त सभागृहातील खेळांना एफ/६.३ ची लेन्स नेऊच नये. तिथे ७०-२०० एफ/२.८ लागते, विकत घेणे झेपत नसेल तर दोन दिवसांसाठी भाड्याने आणावी. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने काही दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात आणि वेगवान शटरवर लागोपाठच्या फोटोंचा उजेड व रंग बदलत राहतो. कॅमेऱ्यात फ्लिकर टाळण्याची सोय असेल तर ती चालू करावी.

प्रवासात या लेन्सचे काम वेगळे आहे. ज्येष्ठ वद्यात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुणे सोडून सासवडकडे निघते आणि दिवे घाट चढते. वळणावळणांचा रस्ता भगव्या पताकांनी काठोकाठ भरलेला, असे जे चित्र आपण दरवर्षी पाहतो, ते लांबून आणि लांब लेन्सने घेतलेले असते. लेन्स गर्दी दाटवते असे म्हणतात, पण ते काम प्रत्यक्षात अंतराचे आहे. एक किलोमीटरवरून पाहताना पहिल्या आणि शेवटच्या दिंडीच्या आकारात फारसा फरक उरत नाही, म्हणून त्या एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात; लेन्स केवळ तेवढा तुकडा कापून देते. म्हणून आधी समोरच्या उतारावरची जागा शोधावी आणि मग झूम करावे. तिथे २०० ते ३०० मिमी, एफ/८ आणि १/५०० पुरेसे होतात. पुढे रिंगणात मात्र सगळे पालटते: अश्व दुरून २०० मिमीमध्ये मावतो आणि चार सेकंदांत आपल्या पुढ्यातून जातो, तेव्हा रिंग ७० पर्यंत मागे फिरवत राहावे लागते. वारकऱ्याचा चेहरा हवा असेल तर मला लांबून चोरून टिपलेला आवडत नाही. जवळ जावे, माउली म्हणावे आणि ८५-१०० मिमीवर काढावा.

सिंहगडावरून राजगड आणि तोरणा यांच्या एकामागे एक निळसर रांगा घ्यायच्या असतील तर पाऊस सरल्यानंतरच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सकाळी जावे. एप्रिल-मे महिन्यांत मधल्या हवेत इतकी धूळ असते की कोणतीही लेन्स हात टेकते.

पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते, विशेषतः मुंबई-कोकणात. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवावी, आणि गाडीच्या एसीमधून बाहेर पडताना ती बॅगेतच अर्धा तास राहू द्यावी, नाहीतर काचेवर दव धरते.

घरी आल्यावर वाईट फोटो लगेच पुसू नयेत, पूर्ण आकारात उघडून ते का बिघडले ते पाहावे. सगळेच एका दिशेने ओढल्यासारखे दिसत असेल तर हात हलला आहे. अंग स्पष्ट आणि पंख पुसट असतील तर शटर कमी पडला. पक्ष्यापुढची गवताची काडी टोकदार दिसत असेल तर फोकस पुढे बसला. आणि काहीच कुठे स्पष्ट नसेल, कडा पाण्यातून पाहिल्यासारख्या डुचमळत असतील, तर तो तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेचा परिणाम आहे. त्यावर महागडी लेन्सही उपाय करू शकत नाही. ते फोटो तेवढे पुसून टाकावेत आणि दुसऱ्या दिवशी उन्हाच्या आधी काठावर पोहोचावे.